आमच्याही दारात पावतीपुस्तक आणा

गाव एखाद्याला आपलं मानतं तेव्हा त्याच्याकडे काहीतरी मागतं. गणपतीची वर्गणी मागतं, जत्रेची पट्टी मागतं. लग्नघरी पुऱ्या लाटायला बोलावतं, सप्त्यात पहाऱ्याला उभं करतं, मयताच्या घरी भाकरी पोचवायला सांगतं. देणं, राबणं, मत मांडणं आणि वेळ आली तर भांडणं, यातूनच माणूस गावात मुरतो. अपंग माणसांना आपण नेमकी याच गोष्टींतून सूट देत आलो. तीही फार मायेनं. "तुम्ही कशाला त्रास घेताय? बसा निवांत, आम्ही आहोत की." असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मनानं चांगलाच असतो. पण ही सूट वर्षानुवर्षं मिळत राहिली की माणूस आधी घरात, मग खोलीत, मग खाटेवर उरतो आणि गावाला त्याची उणीवही भासत नाही. समाजानं अपंगांना स्वीकारलं की नाही, हे पाहायची माझी कसोटी म्हणूनच अगदी साधी आहे. त्यांच्याकडे कोण काय मागतं?

ही कसोटी मला माझ्या धाकट्या आत्यानं दिली.

सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. आत्या दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. रात्री ताप चढला आणि सकाळी डावा पाय उचलेना. साठच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. तेव्हा अशी मुलं गावात आणखीही होती. पुढं मिरजेहून कॅलिपर आणला. मांडीपासून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट आणि गुडघ्यापाशी सरकणारी कडी. उभं राहिलं की कडी खाली पाडायची म्हणजे गुडघा ताठ राहतो, बसताना ती वर ओढायची. आजही आत्या पाहुण्यांच्या घरी आधी खुर्ची कुठं आहे ते बघते, मग कडीकडे हात नेते.

ती शिवण शिकली. शिलाई मशिनचं पायडल दोन्ही पायांनी मारायचं असतं, आत्या एकट्या उजव्या पायानं मारायची. तसं मारताना चाक उलटं फिरायची भीती असते. चाक उलटं फिरलं की दोरा गुंततो आणि तुटतो. त्यामुळे दर वेळी शिवण सुरू करताना ती उजव्या हातानं चाकाला पुढं झटका द्यायची आणि तोच हात पटकन कापडावर आणायची. पाऊल पायडलवर तिरकं, टाच खालच्या कडेला, चवडा वरच्या. डाव्या पायाखाली एक वीट. या बैठकीत तिनं अख्ख्या आळीची पोलकी शिवली, पोरींचे परकर शिवले, शाळेचे गणवेश शिवले. लग्नसराईत तर तिच्या दारात बायांची रांग असायची.

तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. का नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. घरानंच ते परस्पर ठरवून टाकलं होतं.

संक्रांतीला आळीत घरोघरी हळदीकुंकू व्हायचं. आत्याचं वाण मात्र घरी यायचं. कुणाची तरी लेक ताटली घेऊन यायची. "आईनं सांगितलंय, तुम्हाला जिना चढायला नको म्हणून घरीच पाठवलंय." वाण चांगलं असायचं, तिळगूळही जास्तीचा असायचा. पण हळदीकुंकू म्हणजे काही ते प्लॅस्टिकचं डबडं नव्हे. तिथं कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते कळतं, नवी साडी बघितली जाते, उखाणे होतात, हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. वाण घरपोच झालं आणि आत्या त्या सगळ्यातून वजा झाली. गंमत अशी की त्या बायकांनी घातलेली पोलकी तिनंच शिवलेली असायची.

आजी-आजोबा गेल्यावर ती जुन्या घरात एकटीच राहायला लागली. एका वर्षी गणपती मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आळीत शिरली. अलीकडच्या घरी पावती फाडली, पलीकडच्या घरी फाडली, मधलं आमचं दार तेवढं ओलांडलं. आत्यानं मशिनवरूनच हाक मारली.

"ए पोरांनो, इकडं या. हे घर गावात न्हाई व्हय?"

पोरं गडबडली. "तसं न्हाई आत्या, तुमच्याकडनं कसं घ्यायचं म्हणून..."

"का? माझे पैसे गणपतीला चालत न्हाईत?"

पावती फाडली गेली. फाडताना पोरानं सवयीनं माझ्या वडिलांचं नाव घातलं, तेव्हा ते खोडायला लावून आत्यानं स्वतःचं नाव लिहवून घेतलं. पुढच्या वर्षी तिनं हिशोब मागितला. ज्याची पावती, त्याला हिशोब विचारायचा हक्क. मांडवाचा खर्च बरोबर होता, लाइटवाल्याचा बरोबर होता, "किरकोळ" या सदराखाली मात्र बरीच मोठी रक्कम होती. आत्यानं त्यावर बोट ठेवलं. मंडळाचा अध्यक्ष चिडला. "आत्या, तुम्ही उगं शंका घेताय!" असं चारचौघांत चढ्या आवाजात म्हणाला. आत्यानंही आवाज चढवला. दोघांचं चांगलंच जुंपलं.

मी तेव्हा सुट्टीला गावी होते. मला वाटलं, आता ही रात्री जेवणार नाही. पण आत्या खुशीत होती. इतकी वर्षं गावात तिच्याशी सगळे हळू, गोड, समजूत काढल्यासारखं बोलत आले होते, आणि त्या दिवशी एक माणूस तिला बरोबरीचं धरून भांडला होता. दोन वर्षांनी मंडळाची जमाखर्चाची वही तिच्याकडेच आली.

आता पोलिओ फारसा कुणाला आठवत नाही. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ला भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ज्या आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई दारोदार फिरून दोन थेंब पाजत आल्या, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण रोग गेला तरी तो झालेली माणसं अजून आहेत. ती आता साठीच्या आसपास आली आहेत. आयुष्यभर ज्या चांगल्या पायानं सगळा भार उचलला, तोही आता दुखायला लागला आहे.

किती असतील अशी माणसं? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यातल्या २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. राज्याच्या त्या वेळच्या लोकसंख्येशी ताडून पाहिलं, तर चार हजार वस्तीच्या गावात शंभराच्या आसपास माणसं निघतात. शिवाय त्या मोजणीत अपंगत्वाचे आठच प्रकार धरले होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं एकवीस प्रकार मानले. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, स्वमग्नता आहे, अ‍ॅसिडहल्ल्यानं आलेलं अपंगत्व आहे. म्हणजे खरा आकडा याहून मोठाच. आता आपल्या गावातली शंभर माणसं डोळ्यांपुढं आणून बघा. गेल्या जत्रेत त्यांतली किती दिसली? दिसली नाहीत म्हणून त्यांचा विचार होत नाही, आणि विचार होत नाही म्हणून ती बाहेर पडत नाहीत. हा फेरा कुणीतरी कुठंतरी तोडावा लागतो, आणि तो तोडण्याची जबाबदारी धडधाकटांची आधी आहे.

आमच्या पंचायतीच्या इमारतीला रॅम्प आहे. जोतं अडीच फूट उंच. रॅम्पचा सर्वमान्य नियम एकास बारा, म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. अडीच फुटांना तीस फूट लागतात. आमचा रॅम्प जेमतेम आठ फुटांचा आहे आणि त्यावर बाथरूमला शोभतील अशा गुळगुळीत फरश्या. व्हीलचेअर त्यावर एकट्यानं चढवणं अशक्य, कुबडी तर पावसाळ्यात हमखास घसरते. तिथं मोटारसायकली लागतात. तीस फूट जागा कुठून आणायची, असं सगळीकडेच विचारतात. मध्ये सपाट टप्पा देऊन, वळण घेऊन रॅम्प दोन भागांत बांधता येतो, दोन्ही बाजूंना कठडा लावता येतो. गवंड्याला हे सांगितलं तर तो करतो. आणखी एक गोष्ट, जी मला आत्यामुळं कळली: कॅलिपर घालणाऱ्याला उतार चढण्यापेक्षा कधी कधी बुटक्या पायऱ्या आणि धरायला मजबूत कठडा हेच बरं पडतं. दोन्ही सोयी शेजारी शेजारी हव्यात. रॅम्प बांधताना आत्याला कुणी विचारलं नव्हतं. ती पंचायतीपासून चार घरं सोडून राहते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २०१६चा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे अपंगांना सहज वापरता येतील अशा, करायला त्यात पाच वर्षांची मुदत होती, ती केव्हाच उलटली. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकानं २००५ साली केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, सक्तीचे किमान नियम करावे लागतील. एकोणीस वर्षं एक माणूस चिकाटीनं हे मागत राहिला. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

तरीही सगळे अडथळे सिमेंटचे नसतात. माझा मावसभाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. त्याच्यासाठी आमच्या कुटुंबात एक वाक्य ठरलेलं होतं: "नंतर सांगतो." जेवताना सगळे हसले की तो सगळ्यांची तोंडं बघायचा, शेजारच्याला कोपरानं डिवचून हातानं विचारायचा, "काय झालं?" शेजारचा हातानंच सांगायचा, काही नाही, नंतर. ते नंतर कधीच यायचं नाही, कारण तोवर विनोद शिळा झालेला असायचा. असं दिवसातून अनेकदा, आणि बाहेरच्यांकडून नव्हे, जीव लावणाऱ्या माणसांकडून. मावशीच्या आणि त्याच्या घरगुती खुणा होत्या: भूक, पाणी, शेत, मामा आला, बैल विकला. तेवढ्यावर संसार चालतो, पण मनातलं बोलता येत नाही.

मावशीचे यजमान वारल्यावर जमिनीच्या वाटणीची बैठक बसली. चार तास चर्चा झाली. मावसभाऊ भिंतीला टेकून बसला होता. शेवटी कागद त्याच्यापुढं सरकवून कुणीतरी सहीची खूण केली. त्यानं सही केली नाही. कागद उचलला, घडी करून खिशात घातला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या कर्णबधिर शाळेतल्या जुन्या शिक्षकांकडे गेला, त्यांच्याकडून ओळ न् ओळ समजून घेतली आणि जमिनीच्या एका गटाच्या हिश्श्यावर हरकत लिहून आणली. त्याची हरकत रास्त होती. वाटणी बदलली. त्याच्या भावांच्या मनात काळं काही होतं असं मला वाटत नाही. त्याला समजावायचं तर वेळ जाईल, आणि त्याला काय, आपण त्याचं वाईट थोडंच करणार आहोत, एवढंच त्यांच्या मनात होतं. माणसाचं भलं त्याला न विचारता करायची ही सवय आपल्याकडे फार खोल गेली आहे.

त्याचं खरं बोलणं मी पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, दोन्ही हात मोकळे, समोर शाळेतला मित्र. बोटं, भुवया, खांदे, ओठ सगळं एकदम बोलत होतं. घरात चार खुणांत आटोपणारा माणूस तिथं अर्धा तास थांबेना. खुणांची भाषा म्हणजे हातवारे असं समजणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. तिला स्वतःचं व्याकरण आहे, तिच्यात थट्टा होते, वाद होतात. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली राष्ट्रीय पातळीवरची संस्था सुरू झाली. आमच्या घरात ती भाषा शिकली फक्त त्याची पुतणी. पाच वर्षांची असल्यापासून काकाच्या मागं मागं फिरून शिकली. आता ती कॉलेजात आहे. घरात कुणी "नंतर सांगतो" म्हटलं की ती सगळ्यांना थांबवते, काकाला आधी सांगते, मगच पुढचं बोलू देते. पहिले काही महिने सगळ्यांना ते अवघड गेलं. आता बोलणं जरा सावकाश होतं, एका वेळी एकच जण बोलतो. खरं सांगायचं तर त्यामुळं आजीलाही नीट ऐकू यायला लागलं आहे.

आमच्या जिल्ह्याला दोन नावांचा अभिमान आहे. पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, कमरेखालची ताकद गेली. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकून आले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं. ही माणसं मोठीच आहेत. पण त्यांच्या मिरवणुकीत नाचून घरी आलेला माणूस शेजारच्या कुबडीवाल्या पोराला म्हणतो, "बघ, मनात आणलं तर काय होत नाही!" तेव्हा मला त्या पोराची काळजी वाटते. त्याला पदक आणायचं नसेल. त्याला पिठाची गिरणी चालवायची असेल, लग्न करायचं असेल, संध्याकाळी पारावर बसून राजकारणावर बोलायचं असेल. धडधाकट माणसाला गावात बसायला जागा मिळते ती काही त्यानं पदक आणलं म्हणून मिळत नाही. आणि पराक्रम करूनही दारं आपोआप उघडतात असं थोडंच आहे? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दृष्टिहीन. यूपीएससीची परीक्षा पास होऊनही पहिल्या वेळी दृष्टी नसल्याचं कारण सांगून त्यांना रेल्वेची लेखा सेवा नाकारली गेली. त्या पुन्हा बसल्या, १२४वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आपण करतोच. दोनदा सिद्ध करायची वेळ त्यांच्यावर का आली, हेही तितक्याच मोठ्यानं विचारलं पाहिजे.

मला या सगळ्यात कूर्मदासांची फार आठवण येते. वारकऱ्यांना ही कथा ठाऊक असते. पैठणला राहणाऱ्या कूर्मदासांना हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला, वारीला चला असं ऐकलं आणि ते पोटावर सरपटत पंढरीला निघाले. महिनोन्‌महिने चालली ती वाट. माढा तालुक्यात कुर्डुवाडीजवळ लऊळ गावी पोचले तेव्हा उद्या एकादशी, आणि पंढरपूर अजून दूर. त्यांनी पुढं जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ देवाला निरोप धाडला. विठ्ठल नामदेव-ज्ञानदेवांना घेऊन स्वतः लऊळला आला. वाटेत अरणला सावता माळ्यांची भेट झाली ती याच प्रवासात, असं सांगतात. लऊळला कूर्मदासांचं मंदिर आहे.

लहानपणी ऐकताना यात देवाची माया तेवढी दिसायची. आता मी ती कथा ऐकते तेव्हा सुरुवातीलाच थांबते. कीर्तनकार म्हणाले, पंढरीला चला. ऐकणाऱ्या शेकडो लोकांत हातपाय नसलेला एक माणूस होता, आणि त्याला हे आमंत्रण आपल्यालाही आहे असं वाटलं! केवढी मोठी गोष्ट आहे ही. आणि वाटेतले वारकरी. "बाबा, तू कुठं जातोस, घरूनच हात जोड," असं म्हणून त्यांनी त्याला परत फिरवल्याचं कथेत कुठं येत नाही. त्यांनी त्याचा निरोप नेला. राहता राहिला देव. अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला तो देव भक्तासाठी भेटीची जागा बदलतो, आणि आपल्या बैठका मात्र पहिल्या मजल्यावरून खाली येत नाहीत.

आमच्या गावातल्या बचत गटाची एक बैठक खरंच खाली आली. गट स्थापन झाला तेव्हा आत्याला सभासद केलं होतं, कारण तिचा हप्ता कधी चुकत नाही. पण बैठक अध्यक्षबाईंच्या घरी, माडीवर. आत्याचा हप्ता पोरीच्या हाती जायचा, सह्या घरी येऊन घेतल्या जायच्या, अगदी वाणासारख्याच. एकदा तिनं हप्ता पाठवलाच नाही. बाया विचारायला आल्या. "बैठक खाली घ्या, मी स्वतः आणून देते." पुढची बैठक मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झाली. तेव्हापासून तिथंच होते. गटातल्या गुडघे दुखणाऱ्या दोन सासवाही आता नियमानं यायला लागल्या आहेत, ज्या आजवर "काम आहे" म्हणून टाळायच्या.

मी आता डोंबिवलीत राहते. आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे. मुलगा म्हणते, पण तिशीचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. काही वर्षांपूर्वी सेक्रेटरीकाकांनी त्याच्याकडे एक काम दिलं, मेंटेनन्सची बिलं घरोघरी पोचवायचं. त्याला वाचता फारसं येत नाही, पण आकडे ओळखता येतात. बिलावरचा फ्लॅट नंबर आणि दारावरचा नंबर तो बोट ठेवून जुळवतो, बेल वाजवतो, वहीत सही घेतो. सही घेतल्याशिवाय हलत नाही. दारातून "ठेव रे तिथं" म्हटलेलं त्याला चालत नाही. या कामाला सुरुवातीला एका घरातून विरोध झाला, लहान मुलं घाबरतील म्हणून. लहान मुलं घाबरली नाहीत. ती आता त्याच्याबरोबर जिने चढतात आणि बेल कुणी वाजवायची यावरून भांडतात. महिन्यातून दोन दिवस त्याला कामाची घाई असते. त्याची आई सांगते, त्या दोन दिवसांची तयारी तो आठवडाभर आधीपासून करतो, शर्ट काढून ठेवतो.

याच आईच्या तोंडून मी ते वाक्य ऐकलं, जे अशा मुलांचे सगळे आईवडील कधी ना कधी बोलतात. "आमच्यानंतर काय?" सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या दोन माणसांना रात्री झोप न येण्यासाठी एवढे दोन शब्द पुरतात. डोंबिवलीजवळ खोणी गावात अशाच पालकांनी एकत्र येऊन अमेय पालक संघटनेतर्फे "घरकुल" उभं केलं. मोठी झालेली मुलं-मुली तिथं एकत्र राहतात, आपापली कामं करतात. सरकारच्या दयेची वाट न बघता आईवडिलांनी पदरमोड करून हे उभारलं, त्याचं मोल मला फार वाटतं. कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे, निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी ही दोन्ही कामं स्वतःचे हातपाय चालताहेत तोवर करून घ्यावीत.

पण त्या आईशी बोलताना मला दिसतं, की तिच्या प्रश्नाचा एक भाग आम्हा शेजाऱ्यांना आहे. ते दोघं नसतील तेव्हा त्याची बेल ऐकून दार उघडेल का? बिलाचं काम त्याच्याकडेच राहील का? सेक्रेटरी बदलल्यावर ते ऑनलाइन होईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, की एका माणसाचे महिन्यातले दोन दिवस काढून घेतले गेले. यावर आमच्या सभेत मी बोलले. ईमेलवर बिल पाठवायला हरकत नाही, पण छापील प्रत त्याच्या हातूनच यावी आणि त्याला त्याचे पैसे मिळावेत, असा ठराव झाला. आता त्याला मानधन मिळतं. त्यातून त्यानं पहिल्यांदा सोसायटीच्या गणपतीला वर्गणी दिली.

मुलं एकत्र वाढली तर यातलं बरंचसं शिकवावंच लागत नाही. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. त्या स्वतः तरुण वयात कमरेखाली लुळ्या झालेल्या, सरकारी नोकरी सांभाळून काम उभं करणाऱ्या. संस्थेच्या उचगावच्या शाळेत अपंग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात बसतात. चाकाची खुर्ची ढकलायची कशी, उतारावर ती उलटी का उतरवायची, ढकलण्याआधी बसणाऱ्याला विचारायचं, हे तिथल्या पोरांना खेळता खेळता कळतं. आपल्या मुलाच्या वर्गात एकही अपंग मूल नसेल तर पालकसभेत त्याचं कारण जरूर विचारावं. ते मूल गावात असतं. घरी असतं.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक गावांत हे पैसे वर्षाच्या शेवटी घाईनं वाटले जातात, नाहीतर पडून राहतात. यादी कुणीतरी करतं, वस्तू कुणीतरी ठरवतं. ज्यांच्यासाठी निधी आहे ती माणसं ग्रामसभेला नसतात, कारण ग्रामसभा जिथं भरते तिथं आठ फुटांचा रॅम्प आणि गुळगुळीत फरशी.

यंदा एक मेच्या ग्रामसभेला आत्या, मावसभाऊ आणि आणखी काही जण आधीच अर्ज देऊन आले. सभा शाळेच्या पटांगणात घ्या असा अर्ज. सभा पटांगणात झाली. मावसभावानं कागदावर प्रश्न लिहून दिला: गेल्या तीन वर्षांत पाच टक्के निधी किती जमला, किती खर्च झाला आणि कशावर? ग्रामसेवकांनी उत्तर वाचायला सुरुवात केली तेव्हा पुतणी उठून म्हणाली, "काकांनी विचारलंय, काकांना कळेल असं सांगा." फळा आणला गेला. आकडे एकाखाली एक लिहिले गेले. दुसऱ्या वर्षाच्या बेरजेपाशी मावसभावानं हात वर केला, पुढं गेला, खडू घेतला आणि रकमेखाली रेघ मारली. आत्या खुर्चीतूनच म्हणाली, "त्या रकमेच्या पावत्या आणा. आम्ही बसतो तोवर."